तळहाताकडे वळविलेली अंगठी

जनाजाच्या नमाजपूर्वी मय्यतचा वारस जमातीसमोर उभा राहून दोन गोष्टी सांगतो. मरहूमकडून कोणाचे मन दुखावले गेले असेल तर अल्लाहसाठी त्याला माफ करावे. आणि मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर ते वारसाकडे मागावे, आजपासून ती जबाबदारी वारसाची. ही घोषणा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातील दुसऱ्या वाक्याकडे आपले लक्ष जात नाही. सफ सरळ करण्याच्या गडबडीत ते विरून जाते.

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाच्या जनाजासमोर त्याच्या वडिलांनी हे वाक्य उच्चारले. मुलगा बावीस वर्षांचा होता. आदल्या रात्री महामार्गावर मोटारसायकलचा अपघात झाला आणि तो जागीच अल्लाहकडे परतला. वडील शिवणकाम करतात. आयुष्यभर कोणाचे दहा रुपयेही न ठेवलेला हा गृहस्थ आपल्या मुलाच्या वतीने येणेकऱ्यांना हाक देत होता, आणि कोणी पुढे येणार नाही याची त्याला मनोमन खात्री होती. चौथ्या दिवशी मोबाईलच्या दुकानातून फोन आला. मुलाने पाच महिन्यांपूर्वी एक महागडा फोन हप्त्यांवर घेतला होता आणि तेरा हप्ते शिल्लक होते. घरी त्याने सांगितले होते की, मित्राचा जुना फोन स्वस्तात मिळाला आहे.

अपघाताच्या दिवशी सायंकाळी त्याने आपल्या स्टेटसवर एक छायाचित्र ठेवले होते. आरशासमोर तो उभा, हातात तोच फोन, फोनला नवे कोरे कव्हर आणि कव्हरवर त्याच्या नावाचे आद्याक्षर सोनेरी रंगात. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर आम्ही त्याला दफन करून परतलो, तेव्हा त्याच्या मित्रांच्या मोबाईलवर ते छायाचित्र अजूनही दिसत होते. मगरिबच्या सुमारास २४ तास भरले आणि ते आपोआप नाहीसे झाले.

पुढे काही दिवसांनी त्याची आई पडद्याआडून मला म्हणाली, “हाफिजसाहेब, त्या फोनचे पैसे फिटेपर्यंत माझ्या लेकराचं काय होईल?”

बंधु-भगिनींनो, त्या मुलाला दोष देण्यासाठी मी ही हकीकत सांगत नाही. तो नमाजी होता, वडिलांच्या यंत्राशेजारी बसून काज-बटणे करीत असे, आणि आज तो अशा ठिकाणी आहे जेथे आपली दुआच त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. अल्लाह त्याची मगफिरत करो. त्याला जे हवे होते ते कमी-अधिक प्रमाणात आपल्या सर्वांना हवे असते. आपण कोण आहोत हे चार लोकांना दिसावे, गर्दीत आपण ओळखू यावे, आपल्या हातातील वस्तूने आपल्याविषयी काहीतरी बोलावे, ही ती इच्छा. आपल्या आजोबांच्या पिढीने ती सायकलच्या हँडलला गोंडे लावून आणि दारावर नावाची पाटी ठोकून पुरी केली. आपल्या मुलांच्या हाती त्यासाठी मोबाईल आला आहे.

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात झाले. त्या काळी खिशात मोबाईल असणे हीच एक ओळख होती. तो कोणत्या रंगाचा आहे हे कोणी विचारीत नसे. पण वस्तू सर्वांच्या हाती आली की वेगळेपण वस्तूवरून तिच्या आवरणावर सरकते. १९९८ साली नोकिया कंपनीने ५११० या क्रमांकाचा फोन बाजारात आणला. त्याचे पुढचे आवरण काढून दुसऱ्या रंगाचे बसविता येत असे. तेथपासून रिंगटोन, कॉलर ट्यून, वॉलपेपर, डीपी, स्टेटस आणि रस्त्याच्या कडेला छत्रीखाली टांगलेली शेकडो कव्हरे, असा हा प्रवास झाला. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या लाखो सारख्या वस्तूंपैकी एक वस्तू ‘माझी’ करून घेण्याची ही धडपड आहे. मला तीत मुळातच काही वाईट दिसत नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण आपल्याकडील काही ज्येष्ठ मंडळी मुलीच्या मोबाईलवर गुलाबाच्या फुलांचे कव्हर पाहिले तरी कपाळाला आठ्या घालतात. सूरह अल्-आराफच्या ३१ व्या आयतीत आदमच्या संततीला इबादतीच्या प्रत्येक प्रसंगी आपला साज धारण करण्याचा आदेश आहे. त्याच आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक देऊन उधळपट्टीला मनाई केली आहे. लगेच पुढच्या आयतीत असा प्रश्न केला आहे की, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरविणारा कोण? हा प्रश्न अल्लाहचा आहे, म्हणून उत्तर देण्यापूर्वी आपण शंभरदा विचार केला पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत एक गृहस्थ जीर्ण वस्त्रांत आले असता आपण (स.) त्यांना त्यांच्या मालमत्तेविषयी विचारले. त्यांच्यापाशी उंट, शेळ्या, घोडे सर्व काही होते. तेव्हा अल्लाहने दिले आहे तर त्याच्या कृपेची खूण तुमच्या अंगावर दिसली पाहिजे, असे आपण (स.) त्यांना समजाविले. हा प्रसंग अबू दाऊद यांनी नोंदविला आहे. प्रेषितांच्या सांडणीला नाव होते, कस्वा. त्यांच्या खेचराला नाव होते, दुलदुल. तलवारीलाही नाव होते. रोजच्या वापरातील वस्तूशी माणसाचे आपलेपणाचे नाते जडते आणि ते नाते प्रेषितांच्या घरीही होते.

मग सीमारेषा कोठे आहे? सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये ती स्पष्ट झाली आहे. ज्याच्या हृदयात कणभरही अहंकार असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, हे ऐकून एका सहाबींना चिंता वाटली. माणसाला आपले कपडे चांगले असावेत, आपली पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, मग त्याचे काय? उत्तराचा आशय असा की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. म्हणजे कपडा चांगला असणे हा प्रश्नच नव्हता. तो अंगावर घातल्यानंतर समोरच्या फाटक्या कपड्यातल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न होता. आपल्या मुलांच्या शाळेत, कॉलेजात कोणाच्या फोनच्या पाठीवर कोणते चिन्ह आहे यावरून बाकावर शेजारी कोणी बसायचे हे ठरत असेल, तर तेथे ही हदीस वाचून दाखविण्याची वेळ आली आहे असे समजावे.

आता मी त्या अंगठीकडे वळतो, जिच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

हुदैबियाच्या तहानंतर प्रेषित (स.) यांनी आसपासच्या राजांना सत्यधर्माचे आमंत्रण देणारी पत्रे लिहिण्याचा संकल्प केला. तेव्हा सहाबांनी निवेदन केले की हे राजे मोहोर नसलेले पत्र वाचीत नाहीत. म्हणून चांदीची एक अंगठी घडविण्यात आली. तिच्यावर तीन ओळी कोरलेल्या होत्या. एका ओळीत ‘मुहम्मद’, एका ओळीत ‘रसूल’ आणि एका ओळीत ‘अल्लाह’. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला हा तपशील सहीह बुखारीमध्ये आहे. आपले नाव कोरलेली, आपल्या पदाची, आपल्या ओळखीची ही वस्तू होती. आजच्या भाषेत बोलायचे तर सर्वस्वी ‘वैयक्तिक’ वस्तू. आणि तसाच मजकूर इतर कोणी आपल्या अंगठीवर कोरू नये, अशी आज्ञाही देण्यात आली होती, कारण मोहोर एकाची असते तेव्हाच तिला अर्थ असतो.

या चांदीच्या अंगठीपूर्वी एक सोन्याची अंगठी होती. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) सांगतात की प्रेषितांनी (स.) सोन्याची अंगठी घेतली, तेव्हा लोकांनीही सोन्याच्या अंगठ्या करून घेतल्या. मग एके दिवशी आपण (स.) ती काढून टाकली आणि पुन्हा कधी घालणार नाही असे जाहीर केले. लोकांनीही आपापल्या अंगठ्या काढून टाकल्या. या प्रसंगातून पुरुषांसाठी सोने निषिद्ध असल्याचा नियम आपण शिकतो, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच्या बोटात काय आले हे पाहून शेकडो बोटांत तेच येणे ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदीनेतही घडत होती. फरक एवढाच की त्यांनी ज्यांचे अनुकरण केले ते अल्लाहचे प्रेषित होते, आणि प्रेषितांनी ती वस्तू उतरविताच अनुकरण करणाऱ्यांनीही ती त्याच क्षणी उतरविली. आपली मुले ज्यांचे पाहून फोन घेतात ते त्यांना काय उतरवायला सांगतील?

याच अंगठ्यांच्या वर्णनात एक बारीकसा तपशील आला आहे, आणि वाचणारे बहुधा तो ओलांडून पुढे जातात. प्रेषित (स.) अंगठीचा खडा तळहाताच्या बाजूला वळवून ठेवीत असत.

आपण सारे अंगठी कशी घालतो? खडा बाहेर, बोटाच्या पाठीवर, समोरच्याला दिसेल असा. ज्यांच्या नावाचा ठसा पाहून सम्राटांच्या दरबारात पत्रे उघडली जात, ते मात्र ती दर्शनी बाजू आत वळवीत. मूठ मिटली की ती झाकली जाई. मोहोर उमटवायची तेव्हा ती उमटे. विद्वानांनी याची वेगवेगळी कारणे दिली आहेत. खडा सुरक्षित राहतो असेही त्यांनी म्हटले आहे आणि दिखाव्यापासून दूर राहता येते असेही. माझ्यासारख्या सामान्य विद्यार्थ्याला त्यातून एवढे उमगते की आपली ओळख ही एक अमानत आहे आणि ती कामासाठी दिलेली आहे. जेथे काम आहे तेथे ती पूर्ण स्पष्टपणे, तीन ओळींत, कोणतीही भीड न बाळगता उमटावी. जेथे काम नाही तेथे मूठ मिटलेली असावी.

प्रेषितांनंतर ही अंगठी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या हाती आली, त्यांच्यानंतर हजरत उमर (रजि.) यांच्या आणि मग हजरत उस्मान (रजि.) यांच्या. एके दिवशी हजरत उस्मान (रजि.) अरीस नावाच्या विहिरीच्या काठावर बसून ती बोटातून काढून हाताळीत असता ती विहिरीत पडली. तीन दिवस शोध घेतला, विहिरीचे पाणी उपसले, पण अंगठी सापडली नाही. जगातील सर्वांत मौल्यवान अंगठी अशी पाण्यात गेली. दीन मात्र त्या विहिरीत बुडाला नाही. कुरआन होता, सुन्नत होती, नमाज होती. ओळख त्या चांदीत नव्हतीच.

हजरत उमर (रजि.) यांच्या स्वतःच्या अंगठीविषयीही काही इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. तिच्यावर त्यांचे नाव होते, पण मालकाचे नाव म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःलाच हाक मारून मृत्यूची आठवण करून देणारे एक छोटेसे वाक्य तिच्यावर कोरून घेतले होते. अर्ध्या जगाच्या राजकारणाचा भार वाहणाऱ्या माणसाने आपल्या बोटावर जे लिहिले ते लोकांनी वाचावे म्हणून लिहिलेले नव्हते. ते उमरने उमरसाठी लिहिले होते.

आपला मोबाईल या कसोटीवर धरून पाहा. त्याच्या पडद्यावर, पाठीवर, त्याच्या आवाजात जे काही आपण कोरले आहे त्याचा वाचक कोण? मी की लोक? येथे दुनियादारीच्या सजावटीपेक्षा धार्मिक सजावटीविषयी मला अधिक बोलावेसे वाटते, कारण गाण्याच्या रिंगटोनविषयी इमामांनी आपल्याला पुष्कळ सुनावले आहे आणि ज्याला ऐकायचे होते त्याने ते ऐकलेही आहे. धार्मिक सजावट मात्र नेकीच्या वेषात येते, म्हणून तिची झडती कोणी घेत नाही.

आपल्यातील कितीतरी जण ज्याच्या शेवटी ७८६ येतो असा मोबाईल क्रमांक मिळविण्यासाठी जादा पैसे मोजतात. हा आकडा येतो कोठून? अरबी अक्षरांना संख्या देण्याची अबजद नावाची एक जुनी पद्धत आहे. तिच्यानुसार ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’मधील अक्षरांची बेरीज ७८६ होते. ती इतर कितीतरी वाक्यांचीही होऊ शकते. प्रेषितांनी (स.) हा आकडा वापरला नाही, सहाबांनी वापरला नाही. बिस्मिल्लाह म्हणावयास एक पैसा लागत नाही. फोन उचलताना, गाडी सुरू करताना, घास तोंडात घालताना ती म्हणता येते. जिभेवरची फुकटातली बिस्मिल्लाह विसरून आकड्यातली बिस्मिल्लाह विकत घेणारा व्यवहार मला तरी समजलेला नाही.

तसेच कुरआनच्या तिलावतीच्या आणि अजानीच्या रिंगटोनचे. भावना चांगली असते यात शंका नाही. परंतु फोन वाजतो तो उचलण्यासाठी. तिलावत अर्ध्या शब्दावर तोडून आपण “हॅलो” म्हणतो. अजानीतील ‘ला इलाह’, म्हणजे कोणी उपास्य नाही, येथे बोट पडले आणि ‘इल्लल्लाह’, म्हणजे अल्लाहशिवाय, हे शब्द वाजायचे राहून गेले, तर कानावर काय पडले? ईमानाच्या जागी नेमका त्याचा इन्कार. शिवाय फोन कोठे वाजेल याचा भरवसा नाही. तो बाजारात वाजतो, शौचालयात वाजतो. २०१० साली इजिप्तचे तत्कालीन मुख्य मुफ्ती शेख अली जुमआ यांनीही याच कारणांनी कुरआनच्या आयती रिंगटोन म्हणून वापरू नयेत असे मत दिले होते, आणि आपल्या देशातील उलमांचे म्हणणे याहून वेगळे नाही. अल्लाहची वाणी ऐकण्यासाठी आहे. सूरह अल्-आराफच्या २०४ व्या आयतीत कुरआन पठण होत असताना कान देऊन ऐकण्याचा आणि शांत राहण्याचा आदेश आहे, आणि रिंगटोनचा हेतूच असा की ती लवकरात लवकर बंद करावी.

पडद्यावरच्या पवित्र स्थळांच्या चित्रांविषयी बोलण्याचा अधिकार मला माझ्याच अनुभवाने दिला आहे. माझ्या फोनवर अनेक वर्षे मस्जिद-ए-नबवीच्या हिरव्या घुमटाचे चित्र होते. ते लावले त्या पहिल्या आठवड्यात फोन हाती घेतला की ओठांवर दरूद येत असे. दुसऱ्या महिन्यात येईनासे झाले. मग ते चित्र माझ्यासाठी भिंतीच्या रंगासारखे झाले. पण शेजारी बसलेल्या माणसाची नजर त्यावर जाते का, हे मात्र मी वर्षानुवर्षे पाहत राहिलो. हे ध्यानात आले त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. चित्र वाईट नव्हते. ते माझ्यासाठी लावलेले होते आणि नकळत लोकांसाठी लावलेले झाले होते. रिया म्हणजे दिखावा, तो माणसात असाच शिरतो, काळ्या रात्री काळ्या दगडावरून चालणाऱ्या मुंगीसारखा, आवाज न करता.

आता नमाजकडे येऊ. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग बुखारीत आहे. अबू जहम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) एक नक्षीदार चादर भेट दिली होती. ती अंगावर घेऊन आपण (स.) नमाज अदा केली आणि नमाजमध्ये त्या नक्षीवर नजर गेली. नमाज संपताच आपण (स.) सांगितले की ही चादर अबू जहमकडे घेऊन जा आणि त्याची ती साधी, जाड चादर मला आणून द्या, हिने माझे नमाजमधील लक्ष विचलित केले. भेट परत केल्याने देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याच घरची दुसरी चादर मागवून घेतली, हा त्या वागण्यातील नाजूकपणा पाहण्यासारखा आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की ती चादर हराम नव्हती. तिचा दोष एवढाच होता की तिने एका क्षणासाठी नजर खेचली. दुसऱ्या एका प्रसंगी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरातील चित्रे असलेला पडदाही याच कारणाने समोरून दूर करावयास सांगण्यात आला होता.

ज्यांचे हृदय अल्लाहशी सर्वाधिक जोडलेले होते, त्यांनी कपड्यावरच्या चार रेघांपासून आपली नमाज वाचविली. आपण मात्र खिशात अशी वस्तू घेऊन सफमध्ये उभे राहतो जिचा रंग, आवाज, थरथर आणि लुकलुकणारा दिवा हे सर्व नजर खेचण्यासाठीच बनविलेले आहे आणि वर आपण आपल्या आवडीने ते अधिक खेचक करून ठेवले आहे. मस्जिदीच्या दारावर ‘मोबाईल बंद ठेवा’ अशी पाटी असतेच. तरीही रुकूमध्ये कोणाचा तरी फोन गाऊ लागतो आणि सारी मस्जिद त्या माणसाची आवड ऐकते. अशा वेळी त्याच्याकडे वळून डोळे वटारणाऱ्यांची नमाज किती शिल्लक राहते, हाही प्रश्न आहेच.

पालकांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्या तरुणाच्या वडिलांनी मला विचारले होते, “मी त्याचा फोन तपासायला हवा होता का?” मी त्यांना होय म्हणू शकलो नाही. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत पाळत ठेवण्यास मनाई आहे. अजाण मुलाच्या हातातील फोनवर लक्ष ठेवणे हे पालकाचे कर्तव्य. पण बावीस वर्षांच्या, कमावत्या मुलाचा फोन चोरून उघडल्याने तो सुधारत नाही, कुलूप बदलतो. कुरआनमध्ये लुकमान आपल्या मुलाशी बोलतात ते वाचा. ‘बाळा’ म्हणून जवळ घेऊन ते सांगतात, आणि शिर्कपासून सुरुवात करून शेवटी लोकांपासून तोंड फिरवू नकोस, जमिनीवर ऐटीत चालू नकोस, आवाज हळू ठेव इथपर्यंत येतात. ऐट आणि आवाज! एसटीत सर्वांना ऐकू जाईल असा रिल लावून बसलेल्या मुलाला सांगायचे तेच. पण लुकमान ते सांगू शकले कारण त्यांचे स्वतःचे चालणे तसे होते. आपल्या घरात लग्नसमारंभाहून परतल्यावर कोणाच्या हातात कोणता फोन होता याची चर्चा जेवणाच्या दस्तरखानावर मोठी माणसेच करतात. “त्यांच्या मुलाने बघ काय घेतला” हे वाक्य त्या तरुणाने बाहेर ऐकले नव्हते. ते त्याच्या वडिलांना आठवत होते. ते बोलताना त्यांनी मान खाली घातली.

सूरह अल्-बकराच्या १३८ व्या आयतीत अल्लाहच्या रंगाचा उल्लेख आहे आणि अल्लाहपेक्षा उत्तम रंग कोणाचा, असे विचारले आहे. अरबी शब्द आहे ‘सिबगह’. रंगारी कापड रंगवितो त्या क्रियेशी या शब्दाचे नाते आहे. आपल्याकडे रंगाऱ्याच्या हौदात कापड बुडविलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. तो रंग वरून लावलेला नसतो. धाग्याधाग्यात उतरतो, आणि कापड कोठूनही फाडले तरी आतून तोच निघतो. कव्हर बदलता येते. नखाने खरवडले की त्याचा सोनेरी मुलामा निघतो आणि खाली पांढरे प्लास्टिक दिसते. त्या मुलाच्या फोनचे कव्हर मी नंतर हातात घेऊन पाहिले, पाच-सहा दिवसच वापरलेले, आणि अपघातात घासल्यामुळे आद्याक्षराचा अर्धा भाग गेलेला होता.

त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे. बुखारीत हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांचे कथन आहे. एक जनाजा आणण्यात आला. प्रेषितांनी (स.) विचारले की याच्यावर काही कर्ज आहे का? लोकांनी सांगितले, आहे. तेव्हा आपण (स.) स्वतः नमाज न पढविता सहाबांना आपल्या साथीदाराची नमाज पढण्यास सांगितले. रक्कम किती होती? दोन-तीन दीनार. त्यावर हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले आणि म्हणाले की त्याचे कर्ज माझ्यावर. तेव्हा आपण (स.) नमाज पढविली. कर्ज चैनीचे होते की भाकरीचे, हे तेथे विचारले गेले नाही. हप्त्यांत दडलेल्या व्याजाचा विषय तर स्वतंत्र आणि अधिक गंभीर आहे, त्यावर पुन्हा कधी लिहू. मी त्या माउलीला सांगितले की तुमच्या पतीने जनाजासमोर सर्वांदेखत जबाबदारी घेतली आहे, तुम्ही अबू कतादांच्या मार्गावर आहात, धीर धरा.

वडिलांनी दुकानदाराशी बोलून फोन परत घेण्याची विनंती केली. पडदा फुटला होता, म्हणून ती मान्य झाली नाही. मग ते दर महिन्याच्या पाच तारखेला दुकानात जाऊन हप्ता भरू लागले. ईदच्या आधीच्या दिवसांत शिवणकाम जास्त असते. त्या महिन्यात त्यांनी रात्री उशिरापर्यंत यंत्र चालवून तीन हप्ते एकदम भरले. मोहल्ल्यातील दोघा-तिघांनी मदत देऊ केली, पण हे माझ्या हाताने फिटू द्या, एवढेच ते म्हणाले. गेल्या आठवड्यात असरनंतर ते मस्जिदीत माझ्याजवळ येऊन बसले आणि खिशातून घडी घातलेली पावती काढून माझ्यासमोर ठेवली. शेवटचा हप्ता भरला होता.

अबू कतादांच्या त्या प्रसंगाचा उरलेला भाग मी त्यांना तोपर्यंत सांगितला नव्हता. हजरत जाबिर (रजि.) यांचे ते कथन मुस्नद अहमदमध्ये आहे. नमाजच्या दुसऱ्या दिवशी प्रेषितांनी (स.) अबू कतादांना विचारले की त्या दीनारांचे काय झाले? ते म्हणाले की तो तर कालच वारला आहे. पुढच्या दिवशी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा त्यांनी ते दीनार चुकते केल्याचे सांगितले. त्यावर आपण (स.) जे म्हणालात त्याचा आशय असा की, आता त्याच्या कातडीला थंडावा मिळाला.

वडिलांनी पावतीची पुन्हा घडी घातली. मगरिबला अजून वेळ होता. ते उठून कब्रस्तानाच्या रस्त्याने निघाले.